एक लिटरची गाडी घाट कसा चढते? टॉर्क, पॉवर आणि वजन यांचा हिशेब

मोटारींवरील वस्तू आणि सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, तेव्हापासून गाडी घेऊ पाहणाऱ्या घरांत सीसी (इंजिनाचे आकारमान; हजार सीसी म्हणजे एक लिटर) आणि मिलिमीटर (गाडीची लांबी) या दोन मापांची चर्चा पुन्हा रंगू लागली आहे. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत असेल तर कर १८ टक्के; यांपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तर थेट ४० टक्के. ही रेषा नवी नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत देताना ती आखली गेली आणि तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्या, एका छत्रीखाली दोघांनी अंग चोरून उभे राहावे तशा, त्या रेषेच्या आत बसवल्या जात आहेत. रांजणगावला तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे, तिचे पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचे आणि डिझेल इंजिन १,४९७ सीसीचे आहे. चाकणला तयार होणाऱ्या स्कोडा कायलॅकची लांबीही ३,९९५ मिलिमीटरच आहे आणि इंजिन अवघे ९९९ सीसीचे.

इंजिन लहान ठेवायचे आणि वर उंच, रुंद, एअरबॅगांनी भरलेली जड गाडी बसवायची, या ओढाताणीतून टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, घरोघरी पोचला. पण माहितीपत्रक वाचताना सामान्य ग्राहक गोंधळतो, आणि ते साहजिक आहे. कायलॅकच्या एक लिटर टर्बो इंजिनाची कमाल पॉवर ११५ पीएस लिहिलेली असते. ह्युंदाई क्रेटाच्या टर्बो नसलेल्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाची कमाल पॉवरही ११५ पीएसच असते. मग दीडपट मोठे इंजिन घेऊन मिळवले काय? आणि आकडा तोच असेल, तर ही दोन इंजिने चढावर इतकी निराळी का वागतात? उत्तर माहितीपत्रकात आहे, पण ते ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यात नसून त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेल्या आरपीएममध्ये आहे.

पान्यावर उभा राहिलेला माणूस

पंक्चर काढणाऱ्याकडे चाकाचा नट अडून बसला की तो पान्याच्या दांड्याला लोखंडी नळी जोडतो आणि तिच्या टोकावर पाय देऊन उभा राहतो. त्याचे वजन वाढलेले नसते, दांडा लांब झालेला असतो, आणि तेवढ्याने नट सुटतो. लावलेले बल आणि दांड्याची लांबी यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. मराठीत त्यासाठी वेगळे पारिभाषिक शब्द आहेत. आपण टॉर्कच म्हणू. त्याचे माप न्यूटन मीटर. साठ किलोंचा माणूस तीस सेंटिमीटर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर साधारण १७७ न्यूटन मीटरचा टॉर्क पडतो. कायलॅकच्या इंजिनाचा कमाल टॉर्क १७८ आहे.

हा योगायोग बोधक आहे, कारण पान्यावर उभा राहिलेला माणूस गाडी चालवू शकत नाही हे आपल्याला पक्के ठाऊक असते. सायकलचेही तसेच. सत्तर किलोंचा माणूस आडव्या पायडलवर पूर्ण भार देऊन उभा राहिला, तर त्या क्षणी तो ११५ न्यूटन मीटरच्या वर टॉर्क देतो, आणि मारुती फ्राँक्सच्या १.२ लिटर साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनाचा कमाल टॉर्क ११३ आहे. तरीही कात्रजच्या चढावर तो सायकलस्वार घामाघूम होतो आणि फ्राँक्स त्याच्या शेजारून निघून जाते. फरक असा की त्याचे पाय मिनिटाला साठ फेरे घेतात आणि इंजिन काही हजार फेरे घेते. मिनिटाला होणाऱ्या या फेऱ्यांनाच आरपीएम म्हणतात, आणि ते जोडल्याशिवाय टॉर्कचा आकडा अर्धवट राहतो.

हमाल आणि खेपा

बाजार समितीत ट्रक रिकामा करणारा हमाल डोळ्यांसमोर आणा. एका खेपेत तो किती ओझे उचलतो, हा झाला टॉर्क. मिनिटाला किती खेपा करतो, हा झाला आरपीएम. आणि ठरावीक वेळात किती माल उतरला, ही झाली पॉवर. पन्नास किलोंची पोती सावकाश वाहणारा आणि पंचवीस किलोंची पोती दुप्पट चपळाईने वाहणारा, या दोघांचे ट्रक एकाच वेळी रिकामे होतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोघांचे काम सारखे असते. मात्र दुसऱ्याची धावपळ दुप्पट असते आणि ती त्याच्या श्वासावरून कळते.

पॉवरचे पीएस हे माप समजायला आपल्याकडे विहिरीची सोय आहे. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढी पॉवर लागते, तेवढी एक पीएस. पाच एचपीची मोटर किती पाणी ओढते याचा अंदाज शेतकऱ्याला असतोच, आणि पीएस व एचपी यांच्यातला फरक इतका किरकोळ आहे की आपल्या हिशेबात त्याने काही बिघडत नाही. टॉर्कवरून पॉवर काढायची तर टॉर्कला आरपीएमने गुणावे आणि ७,०२० ने भागावे, म्हणजे त्या आरपीएमवरची पॉवर पीएसमध्ये मिळते. या लेखात एवढेच एक सूत्र आहे, आणि ते मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर घेऊन शोरूममध्ये जाण्यासारखे आहे.

एक गाडी, तीन इंजिने

हे सूत्र तपासायला क्रेटासारखे उदाहरण शोधूनही मिळणार नाही, कारण तीत जवळजवळ एकाच आकाराची, दीड लिटरची, तीन इंजिने मिळतात. साधे पेट्रोल इंजिन ६,३०० आरपीएमवर ११५ पीएस आणि ४,५०० आरपीएमवर १४४ न्यूटन मीटर देते. डिझेल ४,००० आरपीएमवर ११६ पीएस आणि १,५०० ते २,७५० आरपीएमच्या पट्ट्यात २५० न्यूटन मीटर देते. टर्बो पेट्रोल ५,५०० आरपीएमवर १६० पीएस आणि १,५०० ते ३,५०० च्या पट्ट्यात २५३ न्यूटन मीटर देते. म्हणजे डिझेलचा टॉर्क टर्बो पेट्रोलएवढा आणि पॉवर साध्या पेट्रोलएवढी. डिझेल मग कोणाच्या पंगतीला बसवायचे?

आपण रोज ज्या आरपीएमवर गाडी चालवतो, तिथले चित्र पाहू. बहुतेक माणसे २,००० आरपीएमच्या आसपास गिअर बदलतात. सहा हजारांपर्यंत काटा नेणारा चालक घरच्यांच्या शिव्या खातो. दोन हजारांवर डिझेल ७१ पीएस देते आणि टर्बो पेट्रोल ७२. साध्या पेट्रोलचा टॉर्क त्याच्या ४,५०० वरच्या कमाल आकड्याएवढा तिथेही आहे असे उदारपणे धरले, तरी त्याची पॉवर ४१ पीएसच्या पुढे जाऊ शकत नाही. माहितीपत्रकात डिझेल आणि साधे पेट्रोल यांच्यात एका पीएसचा फरक आहे. रोजच्या वापरात तो तीस पीएसचा होतो.

आता पाय पूर्ण दाबून गाडी पळवली तर काय होईल, तेही पाहू. तेव्हा तिन्ही इंजिने आपापल्या कमाल पॉवरच्या जवळ पोचतात आणि क्रम बदलतो. टर्बो पेट्रोल पुढे निघून जाते आणि टॉर्क १०६ न्यूटन मीटरने जास्त असूनही डिझेल साध्या पेट्रोलला फार मागे टाकू शकत नाही, कारण साडेचार हजारांच्या आसपास त्याच्या खेपा संपतात आणि वरचा गिअर टाकावा लागतो. हमालांच्या भाषेत सांगायचे तर डिझेल जड पोती सावकाश वाहते, साधे पेट्रोल हलकी पोती पळत वाहते आणि टर्बो पेट्रोल जड पोती बऱ्यापैकी चपळाईने वाहते.

फुंकणीने काय साधते

इंजिनाची ताकद पेट्रोलवर अवलंबून असते असे आपण म्हणतो, पण खरी चणचण हवेची असते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे फवारता येते; हवा मात्र सिलिंडरच्या पोकळीत मावेल तेवढीच शिरते. चुलीत लाकडे कोंबून जाळ वाढत नाही, फुंकणीने वाढतो, आणि लोहाराने भाता ठेवला तो याच कारणाने. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. धुराच्या वाटेवर एक छोटे पंख्याचे चाक बसवलेले असते. बाहेर पडणारा तप्त धूर ते फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. जो धूर एरवी वाया जाणार होता, तोच भाता चालवतो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. आधी तिचा उपयोग जहाजे, रेल्वे इंजिने आणि ट्रक यांना झाला, लहान पेट्रोल गाड्यांत ती रुळायला पुढे कित्येक दशके गेली.

सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तशी दाबलेली हवाही तापते, आणि तापलेली हवा विरळ असते. म्हणून ती सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी इंटरकूलर नावाच्या जाळीतून गार करून घेतात. टर्बोचा आणखी एक लाभ उंचीवर दिसतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि तिथली हवा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ असते, म्हणून साध्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढी घटते. टर्बो जास्त वेगाने फिरून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. लेह-लडाखला गाडी नेणाऱ्यांना हा फरक फार ठळक जाणवतो.

वजन: पाच माणसे, चार बॅगा आणि एक घाट

इथपर्यंतचा हिशेब इंजिनाचा होता. पण इंजिन एकटे घाट चढत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे गाडी निवडताना सर्वांत कमी विचार वजनाचाच होतो.

समजा गाडी तेराशे किलोंची आहे आणि तीत पाच माणसे व सामान मिळून चारशे किलोंचा भार आहे; एकूण सतराशे किलो. दर वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या घाटात ती ताशी साठ किलोमीटरने चालली आहे. साठचा वेग म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, तेवढ्या वेळात ती सुमारे ०.८३ मीटर वर जाते. सतराशे किलो सेकंदाला ०.८३ मीटर उचलायचे, तर पीएसच्या व्याख्येप्रमाणे १९ पीएस लागतात. वारा कापायला आणि टायर लोटायला आणखी आठेक. गिअरबॉक्स आणि फिरते भाग दहावा हिस्सा खातात. म्हणजे इंजिनाला किमान तीस पीएस द्यावे लागतात, आणि एसी चालू असेल तर तीन-चार वर. आता चालक वरच्या गिअरमध्ये आहे आणि काटा १,५०० आरपीएमवर आहे असे धरा. दीड लिटरचे साधे पेट्रोल इंजिन तिथे फार तर ३१ पीएस देईल. टर्बो पेट्रोल ५४ देईल. पहिली गाडी दम तोडते आणि चालकाला गिअर उतरवावा लागतो. दुसरीच्या गाठीशी वीस पीएस शिल्लक असतात. कुंभार्ली घाट सुरू झाला की एसी बंद करायला लावणारे काका थट्टेचा विषय होत असत, पण त्यांचा हिशेब बरोबर होता.

हीच गाडी चालकाने एकट्याने नेली तर त्याच चढाला तिसाऐवजी पंचविसेक पीएस पुरतात, आणि साधे इंजिनही तक्रार न करता वर जाते. गाडीत काहीच बदललेले नसते, बदललेले असते ते ओझे.

हलक्या गाडीबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मारुती स्विफ्टचे वजन सुमारे ९२० किलो आणि पॉवर ८२ पीएस आहे, म्हणजे दर टनामागे ८९ पीएस. तेराशे किलोंच्या ११५ पीएसच्या गाडीचा हिशेब ८८ येतो. कागदावर दोघी बरोबरीच्या. पण दोन्हींत प्रत्येकी पंचाहत्तर किलोंची पाच माणसे बसवा. स्विफ्ट ६३ वर येते आणि मोठी गाडी ६९ वर थांबते. माणसांचे वजन दोन्हींत तेच असते, परंतु हलक्या गाडीच्या मानाने ते मोठे ठरते. म्हणूनच लहान गाडी एकट्याने चालवताना चपळ वाटते आणि गणपतीला भरून गावी नेताना तीच अंग टाकते.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना मात्र वजनाची बाधा फारशी होत नाही. ताशी शंभरच्या आसपास बहुतेक पॉवर हवा कापण्यात जाते, आणि तिथे गाडीची उंची व रुंदी महत्त्वाची. वजन छळते ते चढावर, गर्दीत थांबत-निघत जाताना आणि ओव्हरटेक करताना. उसाच्या ट्रॉलीमागे ताशी चाळीसने रखडलेली सतराशे किलोंची गाडी सत्तरवर न्यायची आहे असे समजा. इंजिनाजवळ तीस पीएस शिल्लक असतील तर त्याला सुमारे दहा सेकंद लागतात, पन्नास असतील तर सहा. तेवढ्यात पहिली गाडी दीडशे मीटर चाललेली असते आणि दुसरी नव्वद. दुपदरी रस्त्यावर समोरून एसटी येत असताना ते साठ मीटर कुठून आणायचे?

‘पण गिअर आहेत की!’

जाणकार वाचक इथे आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. टॉर्क कमी पडला तर गिअर उतरवावा. पहिल्या गिअरमध्ये चाकापर्यंत पोचेतो टॉर्क साधारण बारा ते पंधरा पट होतो, मग इंजिनाच्या टॉर्कचे एवढे कौतुक कशाला?

जॅक लावून एकटा माणूस हजार किलोंची गाडी उचलतो. त्याने बल कित्येक पटींनी वाढवले, पण त्यासाठी दांडा पुष्कळ वेळा फिरवावा लागला आणि गाडी बोटभरच वर आली. गिअरही असेच करतो: टॉर्क वाढवतो आणि तेवढ्याच पटीने वेग घटवतो. दोहोंचा गुणाकार, म्हणजे पॉवर, तो वाढवू शकत नाही, थोडी खातोच. त्यामुळे गाडीकडून शेवटचा थेंब पिळून काढायचा असेल तेव्हा निकाल पॉवर आणि वजन लावतात, इंजिनाचा कमाल टॉर्क नव्हे. नेक्सॉन डिझेलचा टॉर्क २६० आणि पेट्रोलचा १७० न्यूटन मीटर आहे, म्हणजे दीडपटीहून जास्त. पॉवर मात्र अनुक्रमे ११५ आणि १२० पीएस. डिझेल नेक्सॉन पेट्रोल नेक्सॉनच्या दीडपट वेगवान नाही, हे या आकड्यांवरून उघड आहे.

साध्या इंजिनाची क्रेटा घाट चढू शकत नाही असेही म्हणूनच कोणी समजू नये. दोन गिअर उतरवून काटा ४,५०० वर नेला की तिला ९२ पीएस मिळतात आणि ती तडफेने वर जाते, फक्त ओरडत जाते. टर्बो गाडीत तेच काम अडीच हजार आरपीएमवर, गप्पा न थांबवता होते. आपण ज्याला ‘पिकअप’ म्हणतो तो बहुतांशी हाच अनुभव आहे: गिअर न बदलता, पाय किंचित दाबताच मिळणारी पॉवर. कमी आरपीएमवरच्या टॉर्कचे मोल एवढेच आहे, आणि रोज गाडी चालवणाऱ्याला ते थोडे वाटणार नाही.

भाता फुलण्यापूर्वीचा क्षण

टर्बोची खरी उणीव माहितीपत्रकात छापत नाहीत. धूर जोरात यावा तेव्हा भाता फिरणार, आणि भाता फिरावा तेव्हा धूर जोरात येणार. इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर असेल तर दोन्ही नसतात, आणि पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करते. या खोळंब्याला टर्बो लॅग म्हणतात. त्या क्षणी लहान टर्बो इंजिन हे निव्वळ लहान इंजिन असते. ते किती लहान, याचा अंदाज मारुतीच्याच दोन गाड्यांवरून येतो. ऑल्टो के१० चे ९९८ सीसीचे साधे इंजिन ८९ न्यूटन मीटर देते. फ्राँक्सचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन १४८ च्या जवळ देते, पण २,००० आरपीएमनंतर. भाता झोपलेला असताना फ्राँक्सचा चालक ऑल्टोच्या जातीच्या इंजिनावर पाचजणांची मोठी गाडी ओढत असतो.

घाटातल्या उलट्या वळणावर हे नेमके घडते. वेग वीसवर आलेला, गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, काटा बाराशेवर. पाय दाबला तर काहीच होत नाही, घाबरून आणखी दाबला तर सेकंदभराने सगळा जोर एकदम येतो. उपाय जुनाच आहे: वळणाआधी एक गिअर खाली टाकावा, म्हणजे काटा अठराशेच्या वर राहतो. ऑटोमॅटिक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर जातीचा गिअरबॉक्स असेल तर तो सुरुवातीला टॉर्क वाढवून हा खोळंबा बराचसा झाकतो. स्वस्त एएमटीमध्ये, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणाऱ्या प्रकारात, ती सोय नसते. तिथे गिअर बदलण्याचा खोळंबा आणि टर्बोचा खोळंबा एकावर एक येऊ शकतात.

पेट्रोल जास्त लागते का, टिकते किती?

टर्बो वाया जाणाऱ्या धुरातून काम करून घेतो, पण फुकटची पॉवर निर्माण करत नाही. जास्त हवा भरली की जास्त पेट्रोल फवारावेच लागते. महामार्गावर हलक्या पायाने गेल्यास लहान इंजिन खरोखर काटकसरी असते, कारण मोठे इंजिन अर्धवट क्षमतेवर चालवण्यात जी गळती होते ती त्यात कमी असते. शहरात प्रत्येक सिग्नलपासून जोर काढत निघणाऱ्याला मात्र टर्बो इंजिन साध्या इंजिनापेक्षा जास्त पेट्रोल पिताना आढळेल. एकाच गाडीबद्दल दोन मित्र अगदी भिन्न मायलेज सांगतात, तेव्हा दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता बरीच असते.

टिकण्याचा प्रश्न मुख्यतः तेलाचा आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेही इंजिन ऑइलच्या पातळ थरावर आणि तप्त धुराच्या शेजारी. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे ऑइल आणि सांगितलेल्या वेळी त्याची बदली, यात कुचराई झाली तर साधे इंजिन काही काळ सोसून घेते, टर्बो सोसत नाही. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवण्याऐवजी अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवण्याची जुनी सवयही वाईट नाही.

उतरताना आणि चालवून पाहताना

चढताना उपयोगी पडणारा भाता उतरताना कामाचा नाही. खालच्या गिअरमध्ये पाय सोडल्यावर इंजिन गाडीला जे रोखून धरते ते सिलिंडरांच्या आकारमानावर अवलंबून असते, आणि एक लिटरचे इंजिन सतराशे किलोंना दीड लिटरच्या इंजिनाएवढे रोखू शकत नाही. त्याच घाटात खाली येताना तेच १९ पीएस आता कुठेतरी जिरवायचे असतात. इंजिन जेवढे कमी घेईल तेवढे ब्रेकच्या वाट्याला येतात आणि ब्रेक तापतात. लहान टर्बो गाडी उतारावर एक गिअर आणखी खाली ठेवून चालवावी, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

शोरूमच्या चाचणी फेरीत बहुधा विक्रेता आणि ग्राहक असे दोघेच असतात, रस्ता सपाट असतो आणि एसी बेताचा. त्या फेरीत साधे इंजिनही गोड वाटते आणि टर्बोचा खोळंबाही लपतो. त्याऐवजी घरातली चार माणसे सोबत न्यावीत, एसी पूर्ण ठेवावा आणि जवळपास घाट नसेल तर उड्डाणपुलाचा चढ गाठावा. मागे कोणी नाही हे पाहून तिसऱ्या गिअरमध्ये ताशी वीसपर्यंत वेग उतरू द्यावा, मग पाय दाबावा, आणि गाडी ओढू लागेपर्यंत मनात किती आकडे मोजून होतात ते पाहावे.